दोन फ्लॅटमधली भिंत

आमच्या मावशीला सगळी गल्ली 'मुकी' म्हणते. बोलायला बसली की तिच्या तोंडाला खीळ नसते, तरी मुकीच. हे नाव गिरणीत पडलं. रिळं भरायच्या खात्यात यंत्रांचा एवढा खडखडाट असायचा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथं सगळे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे. मावशीला त्याची इतकी सवय लागली की घरीसुद्धा अर्धं वाक्य आवाजात आणि अर्धं ओठांवर.

तिची जागा तिसऱ्या खिडकीपाशी. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, लोखंडी खांबाजवळ, एका तरुण फिटरचं टेबल होतं. एकदा त्यानं तिथूनच तिला ओठांनी सांगितलं, 'तुझा धागा तुटलाय.' खरंच तुटला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं, पण धागा शाबूत होता. तिसऱ्या दिवशी मावशीनं घरी सांगून टाकलं, की माझ्यासाठी स्थळं बघू नका.

तो फिटर म्हणजे आमचे काका. पुढची सत्तावीस वर्षं दोघं त्या हॉलच्या दोन टोकांना कामाला होते. भांडणंही तिथंच व्हायची. मावशी रागावली की पाठ फिरवायची. पाठ फिरली की काकांचं बोलणंच खुंटायचं.

गिरणी बंद पडली. काही वर्षांनी काका आजारी पडले. घशात नळी घातल्यामुळे त्यांचा आवाज गेला. नर्सना काही कळेना. मावशी मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून भराभर सांगायची: उशी वर करा, पाय दुखतोय, खिडकी उघडा. शेवटी ते काय म्हणाले, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी गिरणीचे फ्लॅट करायचं ठरलं. बाहेरचं विटांचं काम, खिडक्या, खांब जुनेच ठेवायचे आणि आत घरं बांधायची. जुने नकाशे सापडेनात, म्हणून आर्किटेक्ट बाई कामगारांना शोधत मावशीपर्यंत आल्या. मी सोबत गेले.

आत एकही यंत्र उरलं नव्हतं. मावशी दारातच थबकली.

"किती शांत आहे गं," ती म्हणाली.

मग ती फिरून सगळं सांगू लागली. खिडक्यांना आधी हिरवा रंग होता, जमिनीच्या फळ्या काळ्या दिसतात तिथं यंत्रांचं तेल मुरलंय. बाई लिहून घेत होत्या. तिसऱ्या खिडकीपाशी मावशी उभी राहिली. जमिनीवर निळ्या रेघा मारल्या होत्या. त्या कसल्या, असं तिनं बाईंना विचारलं.

"तिथं भिंती येणार, मावशी. ही दोन फ्लॅटमधली."

मावशीनं रेघेकडे पाहिलं, मग पलीकडच्या खांबाकडे. तिची जागा अलीकडे राहत होती, काकांची पलीकडे.

"जरा सरकवता नाही यायची?"

बाईंनी उगाच आशा दाखवली नाही. कुठंही सरकवली तरी ती मध्ये येणारच, एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"बरोबर आहे. तुझं काम तू कर, पोरी. मला दहा मिनिटं दे फक्त."

आम्ही दोघी जिन्याशी जाऊन थांबलो. मी एकदाच मागं वळून पाहिलं. खांबाकडे तोंड करून मावशी उभी होती. तिचे ओठ हलत होते, मध्येच थांबत होते, समोरच्याचं ऐकून घेताना थांबावं तसे. मला ओठ वाचता येत नाहीत. लहानपणी ती शिकवायला बसली होती, मीच कंटाळून उठून गेले होते.

आता तिथं लोक राहतात. तिसऱ्या खिडकीच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांना हे सारं कळल्यावर त्यांनी मावशीला चहाला बोलावलं. भिंत इतकी जाड आहे की शेजारचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. मावशीनं चहा संपेपर्यंत मान डोलावली.

शेजारच्या फ्लॅटला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. भाजीला जाताना मावशी वाट वाकडी करते आणि तिथल्या रखवालदाराला विचारते, की आलं का कुणी राहायला. तो नाही म्हणाला की तिला बरं वाटतं.