छी-सरांचा बॅनर

ईशान, मुक्ता,

परवा भोकरदनच्या बसस्टँडवर एक बॅनर पाहून मला ओकारी यायची बाकी राहिली. म्हणून हे आजच लिहितेय. फोनवर तुम्ही निम्मं विसराल.

आमच्या शाळेत इंग्रजीचे एक सर होते. चुकीचं वाक्य कानावर पडलं की ते भाजीत अळी दिसावी तसं तोंड करायचे आणि म्हणायचे, "छी!" पोरांनी त्यांचं नाव छी-सर पाडलं. मी शेजारच्या वर्गावर असायचे. भिंतीपलीकडून दिवसभर छी-छी ऐकू यायचं.

गाईड त्यांना उष्ट्या ताटासारखं वाटे. हिअर आणि लिसन यांतला फरक शिकवायचा तर गाईडमधल्या दोन ओळी पाठ करून घेणं सोपं होतं. सरांनी वर्गाला डोळे मिटायला लावले. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"कोणाकोणाला ऐकू आला?" सगळे हात वर.

"कंडक्टरनं कोणतं गाव पुकारलं?"

पिंपळगाव रेणुकाईहून येणारी सुनीता तेवढी म्हणाली, "जालना, सर."

"हॉर्न तुमच्या कानात आपोआप शिरला, ते हिअर. हिनं मुद्दाम कान लावला, ते लिसन. कान कशाकडं लावला ते सांगायला लिसनपुढं टू लागतो. हिअरला न्हाई लागत."

मागून एकजण उत्साहानं म्हणाला, "सर, आय अ‍ॅम हिअरिंग बस!"

"छी! माशी बसली वाक्यावर. हिअरला असं आयएनजी चिकटवू नको, बाबा. आणि 'द' कुठं सांडला?"

दहावीच्या इंग्रजीच्या पेपराला आमच्याकडे एक घाणेरडी रीत होती. विषयाच्या शिक्षकानं ऑफिसात बसून पेपर सोडवायचा, त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि शिपायानं त्या पाण्याच्या तांब्यासोबत वर्गावर्गात पोचवायच्या. त्या वर्षी पेपर सरांपुढे आला. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं नाही.

संस्थाचालक म्हणाले, "सगळ्याच शाळा करून राह्यल्यात, सर. तुम्हीच मोठे सोवळे?"

"माझी लेकरं हायत ती. त्यांना उष्टं चारू? छी!"

निकाल पडला. सुनीता इंग्रजीत नापास झाली. सरांकडून दहावी काढून घेतली आणि त्यांना खिचडीचा तांदूळ मोजायला बसवलं. स्टाफरूममध्ये यावर हसणारेही होते. त्यांच्या हातचा चहा मी त्यानंतर घेतला नाही.

सुनीताच्या बापानं स्थळ पाहिलं. ते कळताच सर पिंपळगावला गेले. मीही सोबत होते.

बाप म्हणाला, "तुमच्यापायीच बुडाली ना माझी पोरगी? आता कशाला आलात?"

"माझ्यापायीच. म्हणून तर आलो. फेरपरीक्षेपर्यंत लग्न थांबवा. मी येतो शिकवायला."

"अन् पुन्हा नापास झाली तं?"

"मंग मला दारात उभं करू नका."

बापानं तळहातावरची तंबाखू झटकली. आत वळून म्हणाला, "सर आलेत. चहा टाका." मग दर रविवारी सर बसनं जात, ओसरीवर बसून शिकवत. चहाला नाही म्हणत नसत, पण साखर जास्त झाली की तिथंही छी! सुनीता पास झाली. लग्नाची बोलणी मोडली आणि ती पुढं शिकली.

गेल्या आठवड्यात सर वारले. बसस्टँडवरचा तो बॅनर त्यांचाच होता: 'इंग्रजीचे महामेरू, भावपूर्ण श्रद्धांजली.' सरांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यांना तांदूळ मोजायला बसवणारे संस्थाचालक मात्र काळा चष्मा लावून, हात जोडून, माणसाहून मोठे. खाली त्यांच्या कोचिंग क्लासची जाहिरात. मी त्याकडे पाठ करून बसची वाट पाहिली.

सुनीता आता परतूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा दहावीचा पेपर तिच्याही पुढे सोडवायला आला होता. तिनं तो परत पाठवला. "छी!" म्हणाली.

— आजी