आत्याच्या माथी

मोरिसेत दुकेन्वा बोटीवर जन्मली, बोटीवर वाढली आणि लग्न होऊन गेली तीही दुसऱ्या बोटीवरच. दोन्ही बोटी सां-मामेसच्या धक्क्याला शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. पोरगी एका ढांगेत सासरी गेली, असं तिचा बाप पुढं कितीतरी वर्षं सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

तेव्हा सेन नदीला छोटी नदी मिळते तिथपासून पार पुलापर्यंत मालबोटी एकीला एक खेटून उभ्या असायच्या. माल वाटपाच्या कचेरीत ज्याची त्याची पाळी लागायची. पाळी येईपर्यंत बायका कपडे वाळत घालायच्या, पुरुष कॅफेत बसून सरकारला शिव्या घालायचे. मग एक दिवस नाव पुकारलं जायचं, की सुटली बोट. उत्तरेतून कोळसा, इकडून वाळू, गहू, कधी साखरेची पोती.

क्लोव्हिस कामाला वाघ होता, पण त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे पक्कड लागायची. सुकाणू मोरिसेतकडं, दोर त्याच्याकडं. कालव्याची दारं आली, की त्यानं उडी मारून दोर अडकवायचा, तिनं बोट भिंतीला न घासता आत घालायची. शिवाय स्वयंपाक, धुणं, रंगकाम, तळात साचलेलं पाणी उपसणं हेही तिचंच. संध्याकाळी दोघं सूप पिऊन आडवी व्हायची ती मेल्यासारखी. नवरा-बायको कमी आणि एका जुवाला जुंपलेली जनावरं जास्त, असा तो संसार.

नादेज झाली तेव्हा मोरिसेत वीस वर्षांची होती. पोर चालायला लागल्यापासून तिच्या कमरेला दोर बांधलेला असे, दुसरं टोक छपराच्या कडीला. सगळ्याच बोटींवर तसं असायचं. सहाव्या वर्षी तिला बोटवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहात टाकली, ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत. कायदाच होता, आणि नसता तरी चालत्या बोटीवर कुठली शाळा? फाटकात नादेज रडली नाही. फक्त म्हणाली, "आई, माझा दोर?"

"इथं नाही लागत गं दोर. इथं कुठं पाणी आहे?"

पोरीनं मान डोलावली, पण हात कमरेवरच ठेवला.

हा बासष्टचा शरद. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर थंडी पडली ती अशी, की म्हाताऱ्यांनीही तोंडात बोटं घातली. मोरिसेतची बोट उत्तरेच्या कालव्यात होती. एका सकाळी क्लोव्हिस बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, "अडकलो." एवढंच. पुढं-मागं दिसेल तिथवर बोटी बर्फात रुतल्या होत्या.

पहिले काही दिवस सगळे आकाशाकडं बघत होते. मग कुणीतरी अकॉर्डियन काढलं. पुरुष सकाळी बोटीभोवतीचा बर्फ फोडायचे, कारण तो दाबाला लागला तर तळ फुटतो. त्यानंतर दिवसभर कुणालाच काही काम नव्हतं. हे मोरिसेतच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. बायका बर्फावरून चालत एकमेकींकडं कॉफीला जायला लागल्या. संध्याकाळी एखाद्या रिकाम्या बोटीच्या पोटात कंदील टांगायचे आणि नाच. क्लोव्हिसला नाचता येतं हे तिला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं. तो बोलायलाही लागला. रात्री पांघरुणात लहानपणीच्या गोष्टी सांगायचा, घोडे बोट ओढायचे तेव्हाच्या, आणि ती तोंडावर उशी दाबून हसायची.

शेजारच्या बोटीवर योलांद होती, मोरिसेतच्याच वयाची, तोंडाची फटकळ. तिची दोन्ही मुलं त्याच वसतिगृहात. नाताळच्या सुटीआधी ती डोक्याला हिरवा रुमाल बांधून, पायांत नवऱ्याचे बूट घालून मोरिसेतच्या दारात उभी राहिली.

"मी निघाले गं आगगाडीनं. माझी दोन भुतं घेऊन येते. चल की. नाहीतर असं कर, तुझी पण मीच आणते."

मोरिसेत पीठ मळत होती. आत क्लोव्हिस दाढी करता करता शीळ वाजवत होता. एवढीशी खोली, एकच पलंग, पोर आली की मध्ये झोपणार. तिनं हात झटकले.

"अगं, नको. तिची आत्या नेणार आहे तिला. लेओकादी. ठरलंय तसं."

"हो का? मग छान. मी सिस्टरना तसं सांगते."

लेओकादी म्हणजे क्लोव्हिसची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सां-मामेसला छोट्या नदीकडच्या गल्लीत स्वतःच्या घरात राहायची, कपड्यांना इस्त्री करून पोट भरायची. मोरिसेतचं आणि तिचं फारसं जमत नसे, पण नादेजवर तिचा जीव होता. एक निरोप गेला असता तर ती बाई चालत गेली असती. निरोप धाडायचा, असं मोरिसेतच्या मनात खरंच होतं. कालव्याच्या दारावरच्या माणसाकडं टेलिफोन होता. उद्या करू म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस निघाला. मग वाटलं, आता सुटी थोडीच राहिली. क्लोव्हिसला तिनं सांगितलं, "सिस्टर ठेवून घेतायत तिला. तिथं मोठा सण करतात म्हणे." तो म्हणाला, "बरं."

बर्फ वितळला, कामं सुरू झाली, क्लोव्हिस पुन्हा मुका झाला. ईस्टरला नादेज घरी आली. बाप पुढं दोर आवळत होता तेव्हा तिनं विचारलं, "आत्या का नाही आली?"

मोरिसेत बटाटे सोलत होती. "विसरली असेल," ती म्हणाली.

पुढची तेवीस वर्षं हे दोन शब्द तिला पुरले.

नादेज बापावर गेली होती. तोंडावर जाब विचारणारी नव्हे, मनात धरून ठेवणारी. लेओकादी तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणायची, ते ती घालायची नाही. दारात आली की ही मागच्या खोलीत. लेओकादी बिचारी मोरिसेतला विचारायची, "माझं काही चुकलं का गं पोरीशी?"

"वयच तसलं असतं, लेओकादी. मनावर नका घेऊ."

"लहान होती तेव्हा मांडीवरनं उतरायची नाही."

"सगळीच पोरं बदलतात."

लेओकादी मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा काहीतरी घेऊन यायची. ती गेली त्या वर्षी नादेज मोंतरोच्या स्टेशनात तिकीट खिडकीवर होती. रजा मिळत नाही म्हणाली, दफनाला आली नाही. आणि मग कळलं, की म्हातारीनं घर नादेजच्या नावावर केलंय.

नादेजनं त्या घरात पाऊल न टाकता ते विकायला काढलं.

"विकू नको," क्लोव्हिस म्हणाला. त्यानं मुलीला उलट काही सांगितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "आम्ही म्हातारपणी कुठं जायचं?"

"मी आहे ना, बाबा. तुम्ही दोघं माझ्याकडं या. पण त्या बाईचं मला काही नको. सहा वर्षांच्या पोरीला जी विसरते तिनं मेल्यावर आठवण काढू नये."

क्लोव्हिसला काही उमगलं नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं. मोरिसेतनं खिडकीची काच पुसायला घेतली. तेव्हा एका वाक्यात घर वाचलं असतं, लेओकादीचं नावही धुऊन निघालं असतं. काच मात्र लख्ख झाली.

त्यानंतर पाच-सहा वर्षांत धंदाच बसला. माल ट्रकवर गेला. कचेरीत पाळी लागायची ती महिना महिना पुढं सरकेना. जुन्या बोटी मोडीत काढा, असं सरकारच म्हणू लागलं, आणि क्लोव्हिसच्या गुडघ्यांनीही तेच म्हटलं. बोट मोडायला न्यायच्या आदल्या रविवारी दुपारी त्यांनी धक्क्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. छपरावर टेबलं मांडली, तळलेली मासळी, सशाचं कालवण, वाइन. नादेज नवऱ्याला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. आई-बापाचं सामान ती दुसऱ्या दिवशी आपल्या घरी नेणार होती. पाठीमागची खोली तिनं रंगवूनही घेतली होती.

योलांद आता जाडजूड झाली होती. दोन पेले पोटात गेल्यावर तिचा आवाज पलीकडच्या काठाला जाऊ लागला.

"ए क्लोव्हिस! नाच की आता! बासष्टला कसा नाचत होतास! नादेज, तुला सांगते, तुझा हा मुका बाप, ह्यानं त्या बर्फात आम्हां सगळ्या बायकांना वेडं करून सोडलं होतं. आणि तुझी आई! नुसती हरिणी. लाल पेटीकोट होता बघ तिचा."

माणसं हसली. नादेजही हसली. "मी नव्हते ना त्या वर्षी," ती म्हणाली. "मी जोगिणींबरोबर प्रार्थना करत होते."

"छे गं, तू तर आत्याकडं होतीस."

"नाही, योलांदकाकू. आत्या आलीच नाही. मी कोटाची बटणं लावून देवडीत बसायची रोज. अख्ख्या झोपायच्या हॉलमध्ये मी एकटी होते, आणि रात्री पाइप वाजायचे. सगळ्यांना न्यायला कुणी ना कुणी आलं. एक हिरव्या रुमालवाली बाई आली होती, तिला मी विचारलं, माझी आई कुठाय. ती म्हणाली, तुला आत्या नेणार आहे."

योलांदनं पेला खाली ठेवला. "अगं, ती मीच," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम घरातल्यासारखा झाला. "मी तुला आणणारच होते. तुझ्या आईला म्हटलं होतं, मी आणते. पण तीच म्हणाली... मोरिसेत, तूच म्हणालीस ना, लेओकादीशी ठरलंय?"

मोरिसेतच्या हातात पावाची टोपली होती. ती म्हणाली, "कोण जाणे. किती वर्षं झाली त्याला."

"लेओकादीला कुणी सांगितलं होतं?" हे क्लोव्हिसनं विचारलं.

मोरिसेत पाव वाटत पुढं सरकली. टेबलाच्या टोकाला बसलेल्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं, ते मिरी मागत होते.

नादेज आरडली-ओरडली नाही. तिनं बाळाला शाल गुंडाळली, नवऱ्याला खूण केली आणि फळी उतरून धक्क्यावर गेली. तिथून वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही कधीही या. खोली तयार आहे. तुमची."

क्लोव्हिस गेला नाही. बायकोला सोडून राहायची त्याला सवय नव्हती, दुसरं काही कारण नसावं. गावाच्या वरच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून शाळेची भिंत दिसायची. नदी दिसायची नाही, आणि जिने त्याच्या गुडघ्यांना झेपत नव्हते, त्यामुळं तो दिवसभर आतच बसायचा. त्या रविवारबद्दल तो एकदाच बोलला. जेवताना ताटातच बघत म्हणाला, "ती मला विचारायची शेवटी शेवटी. क्लोव्हिस, मी काय केलं? मी म्हणायचो, मला काय ठाऊक." मग त्यानं पावाचा तुकडा मोडला. तिसऱ्या हिवाळ्यात तो गेला. नादेज दफनाला आली, बापाच्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली आणि आईला पुरुषांसारखा हात देऊन निघून गेली.

मोरिसेतनं एकदा फोन केला. "नातीला चार दिवस पाठव की. मी सांभाळते."

"मी तिला कुठंच ठेवत नाही," नादेज म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

दर वर्षी मृतांच्या सणाला नादेज सां-मामेसला यायची. लेओकादीच्या थडग्याचा दगड तिनं नवा बसवून घेतला होता. शेवंतीच्या दोन कुंड्या घेऊन ती आईच्या इमारतीखालून चढावर जायची, एक बापाला, एक आत्याला. वर बघायची नाही. एका वर्षी मोरिसेत आधीच दफनभूमीत जाऊन उभी राहिली.

नादेजनं तिला पाहिलं, पण थांबली नाही. कुंडी ठेवली, बादलीतल्या पाण्यानं दगड धुतला. मग पाठमोरी असतानाच विचारलं, "एक खरं सांगशील?"

"विचार."

"मजा आली होती का? त्या बर्फात?"

मोरिसेतनं कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. थंडी किती होती, गाडी बदलायची भीती कशी वाटायची, आपण किती लहान होतो. लेओकादीच्या दगडावरून पाणी ओघळत होतं.

"आली होती," ती म्हणाली. "तसे दिवस मला पुन्हा कधी मिळाले नाहीत."

नादेजनं हातातलं फडकं पिळलं. "मला आणलं असतंस तर मी एका कोपऱ्यात बसले असते गं," ती म्हणाली. "मी काही खूप जागा घेत नव्हते."

मग तिनं बादली नळाखाली उलटी ठेवली आणि स्टेशनकडं गेली. मोरिसेत त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. म्हाताऱ्यांच्या आश्रमाचे पैसे नादेज वेळच्या वेळी भरायची, आणि कुणी विचारलं तर मोरिसेत सगळ्यांना सांगायची, माझी मुलगी फार करते माझं, कामाच्या गडबडीत असते, म्हणून येणं जमत नाही तिला.