इंगोलश्टाटला ‘येतो’ म्हणून

जर्मनीतलं इंगोलश्टाट सोडलं तेव्हा आमच्या जुन्या गाडीत चार माणसं, पोळपाट-लाटणं, इडलीपात्र, कुंडीतला कढीपत्ता आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा एवढा मोठा डबा होता, की आधी तो बसला आणि उरलेल्या जागेत आम्ही बसलो. निघालो होतो स्वीडनमधल्या गोथेनबर्गला, कायमचे. माझा नवरा निखिल गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो आणि त्याला तिकडे नोकरी लागली होती. फर्निचर ट्रकने पुढे गेलं होतं. आम्हीही विमानाने आरामात गेलो असतो, पण निखिलला गाडी विकवेना. म्हणून मग अख्खा जर्मनी तळापासून शेंड्यापर्यंत, तिथून बोटीने डेन्मार्क आणि शेवटी पूल ओलांडून स्वीडन, असा बेत ठरला. बेत त्याने ठरवला, पुऱ्या मी तळल्या.

पुढच्या सीटवर माझे सासरे, अण्णा. नाशिकच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात गेली. ‘सामान हलवायला मदत’ म्हणून ते उन्हाळ्यात आले होते. मदत म्हणजे कुठलं खोकं कुठे ठेवायचं हे खुर्चीत बसून सांगणं. मागे मी आणि आमची ईरा. ईरा इंगोलश्टाटमध्येच जन्मली, तिथेच पहिली झाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. अण्णा आले त्या दिवशी विमानतळावर त्यांनी तिला उचलून घेतलं आणि विचारलं, “आजोबा आले, आवडलं का?”

“या!” ईरा आनंदाने ओरडली.

नात एवढ्या मानाने ‘या’ म्हणतेय म्हणून अण्णांचा चेहरा खुलला. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’, हे निखिलने त्यांना लगेच समजावलं. त्यांच्या डोक्याला ते पटलं. कानाला पटायला दोन महिने अपुरे पडले.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहायच्या, फ्राऊ झेलर. सत्तरीच्या, ताठ, कडक. जिन्यात दुपारी बूट वाजले तरी दार उघडून बघणाऱ्या. पण ईरा शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे कोको प्यायची आणि मग वर यायची. त्यांना ती ‘ओमा’ (आजी) म्हणे. स्वीडनचं ठरल्यावर ईराने आमच्याशी भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप्प झाली.

निघायच्या दिवशी यूबरगाबे (घर रीतसर परत ताब्यात देणं) झाली. फ्राऊ झेलरनी बॅटरी घेऊन भिंत न् भिंत तपासली. कुकरच्या वाफेने छताला पडलेला डाग त्यांनी बराच वेळ बघितला आणि तोंडाने काही न बोलता माफ केला. मग ‘गवताची ॲलर्जी’ म्हणत डोळे पुसले. ईरा जिन्याच्या पायरीवर बसून होती.

“चला, जातो आम्ही,” निखिल म्हणाला.

“जातो काय म्हणतोस रे!” अण्णा कडाडले. “निघताना येतो म्हणावं. एवढंही शिकवलं नाही का तुला?” आणि त्यांनी स्वतः हात जोडले. “येतो हं, झेलरबाई.”

फ्राऊ झेलरनी निखिलकडे बघितलं. त्याने इमानदारीत शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं: हे म्हणतायत, आम्ही येतो. बाईंना काही उलगडा होईना, कारण आमची गाडी तर भरलेली दिसत होती.

ईराने मान वर केली. “एश्ट?” (खरंच?)

“हो गं, असंच म्हणतात,” मी घाईत म्हटलं.

ती ताडकन उठली आणि शू लागली म्हणून रिकाम्या घरात पळाली. परत आली ती चेहरा बदलूनच. फ्राऊ झेलरना कडकडून मिठी मारून स्पष्ट मराठीत म्हणाली, “येते.” अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. निखिलने आत जाऊन खिडकीतला किल्ल्यांचा जुडगा आणला आणि फ्राऊ झेलरना दिला. त्यांनी तो न मोजता खिशात टाकला. जर्मन घरमालकिणीने किल्ल्या न मोजता घेतल्या, यावरून त्यांची अवस्था काय असेल ते ओळखावं.

अण्णांनी गाडीच्या डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली. त्यांच्या जगात गाडी डबल बेलशिवाय सुटत नाही.

आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातले पांढरे कडे मागे पडले, न्यूर्नबर्ग गेलं. रस्ता ऑगस्टच्या उन्हात तापला होता. “वान?” (कधी?) ईराने विचारलं. मला वाटलं, कधी पोहोचणार असं विचारतेय. म्हटलं, उद्या संध्याकाळी. ती म्हणाली, तिकडे नाही, परत कधी यायचं? “बघू,” मी म्हटलं. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ लहान मुलांनाही ठाऊक असतो. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

व्युर्त्सबुर्गच्या पुढे एका रास्टहोफला (महामार्गावरच्या थांब्याला) गाडी लावली. “चहापाण्यासाठी पंधरा मिनिटं थांबेल,” अण्णांनी घोषणा केली. पुऱ्यांचा डबा उघडला आणि निखिलचा फोन वाजला. फ्राऊ झेलर होत्या. जुडग्यात एक किल्ली कमी होती, इमारतीच्या मुख्य दाराची. ती किल्ली हरवली तर सगळ्या बिऱ्हाडांची कुलपं बदलावी लागतात. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही, डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात तसं सांगितलं. त्यामुळे आम्ही जास्तच घाबरलो.

मग त्या थांब्याच्या हिरवळीवर आम्ही संसार मांडला. सुटकेसेस उघडल्या, पर्सा उलट्या केल्या, कढीपत्त्याची मातीसुद्धा काडीने उकरली. “तुझ्याकडेच होती,” निखिल म्हणाला. “तुझ्या खिशाला भोक आहे, हे मी सहा महिने सांगतेय,” मी म्हटलं. तेवढ्यात एक जर्मन बाई थांबल्या, इडलीपात्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि हे कितीला देणार, असं विचारलं. माझा पारा चढलेला, पण बाईंचा आवाज इतका मायेचा की मी त्यांना इडली म्हणजे काय ते समजावत बसले. किल्ली काही सापडली नाही. सामान भरताना ईरा जरा लंगडतेय असं दिसलं.

“नवे बूट चावले असतील,” अण्णा म्हणाले. “मुक्कामी बाम लावू.”

ईराने पाय पटकन आखडून घेतला. दुखत नाही म्हणाली.

कासेलच्या डोंगरात श्टाऊ (गाड्यांची तुंबलेली रांग) लागला. मी आणि निखिल एकमेकांशी बोलत नव्हतो, त्यामुळे गाडीत तशी शांतता होती. मागून अँब्युलन्सचा भोंगा आला आणि दोन्ही रांगांतल्या गाड्या आपसूक बाजूला सरकल्या, मधोमध वाट झाली. अण्णा सीटवरून अर्धे उठले. “कोणी शिट्टी नाही मारली! कोणी काठी नाही आपटली!”  त्यांच्या नोकरीतलं स्वप्न त्यांनी बहुधा तिथे डोळ्यांनी बघितलं.

मुक्काम ल्युनेबुर्गच्या माळरानावरच्या एका छोट्या लॉजमध्ये होता. माळभर जांभळी फुलं आली होती, जमिनीलगत, दाट, आणि त्यांवर मधमाश्यांचा नुसता गजर. ईराला बूट काढ, अनवाणी चाल म्हटलं, तर ऐकेना. बाथरूममध्ये कडी लावून एकटीने पाय धुऊन आली आणि मोजे घालूनच झोपली. मी दमले होते, जाऊ दे म्हटलं.

सकाळी नाश्त्याच्या खोलीत लॉजच्या मालकीणबाई अण्णांना बघून मोठ्याने म्हणाल्या, “मोइन!” उत्तर जर्मनीत नमस्काराला तसंच म्हणतात. पण अण्णांचं नाव मोहन. ते दोन्ही हात जोडून उभे राहिले. “यांना माझं नाव कसं कळलं?” पुढे हाम्बुर्गपर्यंत जो भेटेल तो त्यांना नावाने हाक मारत होता आणि अण्णा प्रत्येकाला ओ देत होते. उत्तरेकडची माणसं तुटक असतात, असं आम्हाला दक्षिणेला बायर्नमध्ये (बव्हेरियात) सगळ्यांनी बजावलं होतं. अण्णांचं मत अगदी उलटं झालं.

एल्ब नदीखालचा बोगदा ओलांडला आणि डोंगर संपलेच. सपाट गवत, गाई, पवनचक्क्या. फेमार्न बेटावर नेणारा पूल लांबून कपड्याच्या हँगरसारखा दिसतो आणि तिथले लोकही त्याला हँगरच म्हणतात. पुढे पुटगार्डनचा धक्का. तिकिटाच्या खिडकीतला माणूस कुणाशी तरी फोनवर बोलत होता. आमची तिकिटं हातात घेऊन तो फोनमध्येच म्हणाला, “या, या, गेनाऊ (बरोबर).”

“या म्हणाला. चल, घे!” अण्णांनी डबल बेल दिली.

निखिल रस्त्याने शिणलेला, आणि डबल बेलवर वाढलेला. त्याने गाडी घेतली ती थेट मालट्रकांच्या रांगेत. समोर लाकडाचे ओंडके, मागे पोलिश ट्रक, मधे आम्ही आणि कढीपत्ता. पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी हात वर करून आम्हाला उलटं काढलं. खिडकीतला माणूस तिकिटं हातात धरून पळत आला. तो इतका हसत होता की त्याला रागावता येईना. मी आणि निखिलही हसलो आणि अशा रीतीने आमचा अबोला संपला.

बोट सुटली. वर डेकवर भन्नाट वारा. निखिलने फिशब्रोटशेन (पावात घातलेला खारवलेला मासा) आणलं, मी पुरी काढली. अण्णांनी बाक पकडला, खिशातून बामची बाटली काढली आणि ईराचा पाय मांडीवर घेतला. ती “नाइन, नाइन” (नको, नको) करेपर्यंत बूट निघाला, मोजा निघाला. पत्र्यावर खण्णकन वाजलं. किल्ली. तिच्या तळपायावर किल्लीचे दाते जसेच्या तसे उमटले होते.

निखिलने वाकून किल्ली उचलली. “ईरा, का गं?”

ती अण्णांकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “आपण येतो म्हटला ना. मग दार कसा उघडणार?”

अण्णा माझ्या मराठीतसुद्धा चुका काढतात. तेव्हा त्यांनी एकही काढली नाही. तिचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसले. मला रडू फुटलं. आम्ही सगळे तो शब्द सवयीने बोललो होतो आणि तिने तो खरा धरून दोन दिवस पायाखाली सांभाळला होता. मागे जर्मनीचा किनारा बारीक होत चालला होता.

निखिलने फ्राऊ झेलरना तिथूनच फोन लावला. किल्ली सापडली, पोस्टाने पाठवतो, असं सांगून तो थांबला आणि मग कुठे सापडली आणि का, तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, पोस्टाने नको, पोस्टात हरवतात. ईराला म्हणावं, ईस्टरला स्वतः आणून दे. तोवर कुलपं बदलत नाही.

पुढचं डेन्मार्क आणि स्वीडनचा लांबलचक पूल ईराने एका दमात बडबडत पार केला, जर्मनमधून. गोथेनबर्गचं नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून ट्राम दिसते. अण्णा महिन्याभराने नाशिकला परतले. कढीपत्ता जगला.

आणि ईस्टरला आम्ही तीच गाडी घेऊन त्याच रस्त्याने खाली आलो. अण्णा नाशिकहून फोनवर थांबे मोजत होते. इमारतीचं मुख्य दार ईराने स्वतः उघडलं. वरच्या आमच्या घरात आता दुसरे लोक राहतात, त्यांच्या बुटांकडे तिने जिन्यातून एकदा बघितलं आणि सरळ ओमाकडे गेली. कोको झाला, केक झाला, पडलेले दात दाखवून झाले. निघायची वेळ आली तशी मी धास्तावले. किल्ली द्यायला ही रडणार, अशी माझी खात्री होती. रडली नाही. तिने किल्ली फ्राऊ झेलरच्या हातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटवली.

“येते,” ती म्हणाली.

फ्राऊ झेलरनी मान हलवली. “या, या,” त्या म्हणाल्या.

फोनवरून हे सगळं ऐकणारे अण्णा तिकडे खो खो हसत सुटले. अर्थ विचारायची गरज त्यांना या वेळी पडली नाही. “बरोबर बोलल्या झेलरबाई,” ते म्हणाले आणि फोनवर बोटाने दोनदा टकटक केली.