शकीलभाईंची चिठ्ठी

वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, म्हणून लोकांना वाटतं तिथं काही घडतच नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात मी वीस वर्षांहून जास्त काळ देवघेवीच्या काउंटरवर बसतेय. बोलायला बंदी असली की किस्से जास्त साठतात, हा माझा अनुभव! त्यातले निम्मे आमच्या वेबसाइटचे, आणि त्या सगळ्यांत शकीलभाई आहेतच.

*

शकीलभाई एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. विशीतच दृष्टी गेली. शेकडो नंबर तोंडपाठ. आमच्याकडं बोलक्या पुस्तकांच्या कॅसेटचं एक कपाट होतं, त्याचे ते सगळ्यात जुने वाचक.

आमची पद्धत अशी, की वाचकानं हवं ते नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी खिडकीतून आत पुस्तकांच्या खोलीत सरकवायची. शकीलभाईंना मात्र नाव तोंडानं सांगावं लागे, आणि आतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून मी ते पुन्हा मोठ्यानं ओरडायची. माझा आवाज पेठेत प्रसिद्ध आहे.

एकदा त्यांनी एक प्रेमकथा मागितली. मी ओरडले. हॉलमधली सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली. एकजण म्हणाला, “भाई, त्यापेक्षा एखादं चरित्र न्या की, मनाला बरं वाटंल.” संध्याकाळपर्यंत बातमी त्यांच्या बहिणीकडं पोचली आणि दुसऱ्या दिवशी ती दोन स्थळं घेऊन हजर! शकीलभाई तेव्हा पंचेचाळीसचे.

पुढं वर्षभर त्यांनी गुपचूप थोरामोठ्यांची चरित्रंच नेली. मला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा नुसतं हसू आलं.

*

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचे अध्यक्ष अण्णा, गुळाचे व्यापारी, माणूस दिलदार आणि आवाज माझ्याहून मोठा. त्यांनी वाचनालयाची वेबसाइट करायला घेतली. काम कॉम्प्युटर शिकलेल्या कबनूरच्या सुनंदाकडं. घरी यंत्रमाग, त्यामुळं कितीही गोंगाटात तिचं डोकं शांत चालायचं. अण्णांकडं काम करायला तेच लागतं.

शकीलभाई चौकशीला आले. त्यांनी एकच विचारलं, “ह्यात मला माझं पुस्तक शोधता येईल काय? कुणाला न विचारता?”

अण्णा म्हणाले, “न येऊन सांगतंय कुणाला? कोल्हापूर हाय हे!”

*

पहिली वेबसाइट तयार झाली. वर अण्णांचा गोल फिरणारा फोटो, खाली पळणारी अक्षरं, आणि उघडल्या उघडल्या सनई. शकीलभाईंनी पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आणला होता. तो बोलायला लागला तर सनईपुढं ऐकूच येईना. सनई बंद केली, तर प्रोग्रॅम म्हणे, चित्र, चित्र, चित्र.

सुनंदानं सांगितलं, फोटोमागं शब्दांत, तेही इंग्रजी अक्षरांत, वर्णन लिहायचं, म्हणजे तो ते वाचतो. अण्णांनी तिथल्या तिथं मजकूर सांगितला. तडफदार, दूरदृष्टीचे, दीनदुबळ्यांचे कैवारी, असा तो चांगला अर्धं पान झाला.

आठवड्यानं शकीलभाई नम्रपणे म्हणाले, “अण्णा, रोज तुमचा सत्कार संपला की मगच मला पुस्तकांकडं जाता येतंय.”

आता तिथं ‘अध्यक्षांचा फोटो’ एवढंच आहे. अण्णांनी स्वतः कापलं. मानलं पाहिजे!

*

मराठी अक्षरं त्या प्रोग्रॅमला वाचताच येत नव्हती. म्हणून सुनंदानं कॅसेटची सगळी यादीही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केली. दोन महिने बसली, एका शब्दानं कुरकुरली नाही. तरी वाचणारा आवाज पडला गोऱ्या साहेबाचा. आम्हाला एक नाव धड कळेना.

शकीलभाई म्हणाले, “कळतंय की. आमच्या ऑफिसात मुंबईचं साहेब येत्यात, ते असंच मराठी बोलत्यात.”

शिवाय तो आवाज ते इतक्या वेगानं ऐकायचे, की अण्णांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोनसुद्धा लावला.

*

एकदा सुनंदानं मॉनिटरवर टॉवेल टाकला, माउस काढून घेतला आणि अण्णांना बसवलं. म्हणाली, आता एक पुस्तक शोधा. अण्णा दहा मिनिटं घामाघूम होऊन स्वतःच्याच फोटोवर अडकले. शेजारी शकीलभाई. त्यांनी हात लांब करून चार कळा दाबल्या आणि पुस्तक काढून दिलं.

अण्णांनी मॉनिटरवरचा टॉवेल ओढून घाम पुसला. मग म्हणाले, “शकील, तू हे रोज करतोस?”

‘मोठी अक्षरं’ या बटणालाही आधी अण्णांचाच विरोध होता, आपल्याकडं कोण वापरणार म्हणून. एका सकाळी मी लवकर पोचले, तर अण्णा चष्मा खिशात ठेवून मोठ्या अक्षरांत यादी वाचत बसलेले! मी परत बाहेर गेले आणि चप्पल वाजवत आत आले.

*

उद्घाटनाचा दिवस. अण्णांनी मोठा पडदा, लाउडस्पीकर, सगळं मागवलं होतं. शकीलभाई पहिली कॅसेट वेबसाइटवरून मागणार, ते सगळ्यांनी पडद्यावर बघायचं, असा बेत.

शकीलभाईंनी इअरफोन मागितला आणि पडदा बंद करायला सांगितला.

अण्णा गडबडले. “आरं, मग लोकांनी बघायचं काय?”

“मी मागतोय ते बघा की. काय मागतोय ते कशाला?”

पडदा बंद झाला. हॉल भरलेला, त्यांची बहीण पहिल्या रांगेत. शकीलभाईंनी कळा दाबल्या, थांबले, ऐकलं, पुन्हा दाबल्या. काउंटरवरचा प्रिंटर करकरला आणि चिठ्ठी बाहेर आली. शकीलभाईंची पहिली चिठ्ठी.

अण्णा माईकवर म्हणाले, “वाचा की बाई!”

इतक्या वर्षांची सवय. मी श्वास घेतला, तोंड उघडलंसुद्धा.

शकीलभाई हळूच म्हणाले, “बाई, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवता काय?”

मी चिठ्ठीची घडी घातली आणि खिडकीतून आत सरकवली. कॅसेट आली. ती मी वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधली आणि त्यांच्या हातात दिली. पहिल्या रांगेतून त्यांच्या बहिणीनं विचारलं, “काय घेतलंस रे?” अण्णांनी पटकन माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, “चहा घ्या सगळ्यांनी.”

अण्णा अजून अधूनमधून काउंटरवर येतात. इकडंतिकडं बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “बाई, कुठली हुती ओ ती कॅसेट?”

मी ‘शांतता राखा’च्या पाटीकडं बोट दाखवते.