चेकरबाई डोळे मिटत नव्हती

डेपोत सगळे तिला चेकरबाई म्हणत. बसमध्ये चढून तिकिटं तपासायची, हे तिचं काम. खिसे चाचपणारा माणूस खरंच तिकीट शोधतोय की पुढच्या थांब्याची वाट बघतोय, हे तिला लांबून कळे. अशा नोकरीत वर्षं गेली की माणूस घरीही तसाच होतो. दुकानदाराने आपणहून चांगला माल काढून दिला, तरी तिला वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय.

लग्नानंतर बऱ्याच उशिरा तिला दिवस गेले. सातवा लागला तशी नणंद तिला एका वर्गाला घेऊन गेली. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत एक निवृत्त सुईणबाई बाळंतपणाची तयारी करून घेत. श्वास कसा घ्यायचा, अंग सैल कसं सोडायचं, आणि स्वतःच स्वतःला संमोहित कसं करायचं. हे शेवटचं ऐकून चेकरबाईचे कान टवकारले. संमोहन म्हणजे जादूगार भल्या माणसाला कोंबड्यासारखं आरवायला लावतो, तेच ना? आपण गुंगीत काहीबाही बरळलो म्हणजे?

सुईणबाईंनी समजावलं की यात गुंगी नसते, लक्ष एका जागी धरायचं असतं, आणि वाटेल तेव्हा उठून बसता येतं. चेकरबाईने मान हलवली, पण पर्स उशाशी घेऊनच ती सतरंजीवर आडवी झाली.

नवरे सोबत यायचे. तिचा नवरा खिडक्यांना काचा बसवायचा, दिवसभर दमलेला असायचा. सुईणबाई हळू आवाजात सुरुवात करत, "आधी जबडा सैल सोडा," आणि पाय सैल होईपर्यंत हा घोरत असे. बाकीच्या बायका डोळे मिटून शांत पडलेल्या. चेकरबाई मात्र पापण्यांच्या फटीतून सगळ्यांवर नजर ठेवून. कोपऱ्यातली एक बाई आपलं पहिलं बाळंतपण अगदी सहज झाल्याचं येईल त्याला सांगायची. ही नक्की सुईणबाईंनीच पेरलेली असणार, असं ठरवून चेकरबाईने तिला जिन्यात गाठलं आणि आडून आडून चौकशी केली. निघाली बिचारी बँकेतली कारकून. स्वभावच बडबडा.

मग तिने सुईणबाईंचीच परीक्षा घ्यायची ठरवली. मधेच म्हणाली की हात कापसासारखा हलका झालाय, छान वाटतंय. आता ही बाई खूश होणार, हा तिचा अंदाज. सुईणबाई जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मूठ तर घट्ट आवळलेली आहे तुमची."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चेकरबाई विनातिकीट सापडली होती. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"दोन्ही अशीच झाली?"

"मुलगा असा झाला. मुलीच्या वेळी मी कळा सोसवेनात म्हणून दुखणं थांबवायचं इंजेक्शन मागून घेतलं, आणि शेवटी ऑपरेशनच करावं लागलं."

"मग हे शिकवता कशाला?"

"टेबलावर नेताना फार भीती वाटत होती. ती थोडी कमी करता आली. याहून जास्त मी कुणाला कबूल करत नाही."

खोटं बोलणारा गरजेपेक्षा जास्त सांगतो, हा चेकरबाईचा अनुभव. ही तर हातचं राखून सांगत होती. त्या दिवसापासून ती घरी दार लावून सराव करू लागली. आता संशय सासूबाईंना येऊ लागला. सून रुसून पडते की काय, म्हणून त्या दर थोड्या वेळाने दाराला कान लावत.

कळा सुरू झाल्या तेव्हा पहिले काही तास बरे गेले. कळ आली की ती श्वास लांब सोडी, ओसरली की डॉक्टरीणबाईंना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारी. "थोडंच राहिलंय" म्हणजे किती थोडं? मग कळांमधलं अंतर संपलं आणि सगळं शिकलेलं हवेत विरलं. तिने नवऱ्याचं मनगट धरलं, सुईणबाईंना आणि त्यांच्या श्वासांना यथेच्छ शिव्या दिल्या. नवरा गांगरला. वर्गात झोपल्यामुळे त्याला एकच गोष्ट आठवत होती.

"जबडा," तो म्हणाला. "जबडा सोड आधी."

तिने सोडला. मग खांदे सुटले, श्वास परत सापडला, आणि कुणी न सांगता तिचे डोळे मिटले. मुलगी झाली. दोन-चार टाके पडले, पण कळांसाठी इंजेक्शन मागावं लागलं नाही.

हे सगळं सरावामुळे झालं की तसंही झालंच असतं, याची चेकरबाईला आजही खात्री नाही. नणंदेला मात्र पक्की खात्री होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगू लागली की वहिनीला जराही दुखलं नाही.

"वन्सं, दुखलं," चेकरबाई पलंगावरून म्हणाली. "पुष्कळ दुखलं. फक्त दोन कळांच्या मधल्या वेळात मी घाबरलेली नव्हते. सांगायचं तर एवढंच सांगा."

नणंद जरा हिरमुसली. पण शेजारीण आली तेव्हा तिने तसंच सांगितलं, आणि चेकरबाईने बाळाला पाजता पाजता शब्दन् शब्द नीट ऐकून घेतला.