शिंपल्याचं बारसं

आयर्लंडमधल्या मलिंगारची पद्मजा आठवडाभर लोकांचे दात बघायची आणि रविवारी डेक्लन नावाच्या शेजाऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीत दगड बघायची. नवरा मोहन लिक्सलिपला इंजिनियर, त्याला रविवारी झोप प्यारी. सासूबाई उर्मिलाबाई भारतातून मुक्कामाला आल्या, ताटल्या काढायला त्यांनी प्रेस उघडलं, इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, तर आत नुसते धोंडे!

त्यातल्या एका धोंड्यात सुनेचा जीव अडकला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता म्हणे. त्यातला एक शिंपला चिखलात रुतला, चिखलाचा दगड झाला, शिंपला विरघळला आणि त्याच्या आकाराची पोकळी तेवढी उरली. ही जात अजून कुणी नोंदवलेलीच नाही, असं पद्मजाचं ठाम म्हणणं. पण म्युझियमच्या बाई बधेनात. "बाहेरच्या रेघा जुन्या जातीसारख्याच आहेत. बिजागरी दाखव, मग बोलू."

शिंपल्याची दोन झाकणं जुळतात ती बिजागरी. तिच्यावरच्या दातांवरून जात ठरते. ती होती पोकळीच्या पार तळाशी. दगड फोडावा, तर असा दुसरा नव्हताच.

"मेलेल्याचे दात बघून काय मिळणार गं?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"आई, बेवारस गेलाय बिचारा. ओळख तरी पटवूया."

कवळीसाठी तोंडाचं माप घेतात तो रबरासारखा मसाला तिनं पोकळीत भरला. सवयीनं पाच मिनिटांत ओढला आणि हाय रे दैवा, चिकट लगदा निघाला, निम्मा आतच! तोंड असतं ऊबदार, तिथं मसाला झटकन आळतो; दगड थंडगार. तिला रडूच फुटलं.

"झाला का तुझा पेशंट?" मोहन म्हणाला.

"तू गप रे!" आईनंच त्याला दटावलं.

चिमट्यानं कण न् कण काढून पद्मजानं पुन्हा मसाला भरला. या वेळी दगड शालीत गुंडाळला आणि या थंड मुलखात दह्याचं भांडं ठेवावं तसा हीटरशेजारी ठेवला. सासूबाई पहाऱ्याला बसल्या. संध्याकाळी ठसा अलगद सुटून हातात आला. बिजागरीवर कंगव्यासारखी तिरप्या दातांची ओळ! जुन्या जातीची बिजागरी तर साफ गुळगुळीत.

म्युझियमच्या बाईंनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "ग्रँड! ही नवीनच."

पुढं पद्मजानं लिहिलेला लेख तज्ज्ञांनी तपासला, पास केला, छापून आला. जातीला आपलं स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा या लोकांचा रिवाज. म्हणून पद्मजानं डेक्लनचं दिलं, शेवटी लॅटिन शेपूट जोडून.

मग घरी रीतसर बारसं झालं. पाळण्यात ठसा. उर्मिलाबाई वाकल्या आणि थबकल्या.

"अगं, याला कान कुठंय?"

"कुठंही सांगा आई, आता सगळ्या जगाला ऐकू गेलंय!"

उर्मिलाबाईंनी नाव सांगितलं आणि सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. बारशाला आलेला डेक्लन घाबरून मध्ये पडला, तर त्यालाही दोन बसले.