बासानोची रिकामी फळी

उत्तर इटलीतल्या आमच्या अद्दा नदीकाठच्या गावात बोच्चे या गोळ्यांच्या खेळाच्या मैदानाची देखभाल बासानो करायचा. सकाळी मातीवर झाडू, दुपारी पाणी, संध्याकाळी कुणाचा गोळा गोटीच्या जास्त जवळ यावर निवाडा. राजकारण त्याला वर्ज्य होतं. ध्यास एकच, कालव्यापलीकडच्या कामगार मंडळाकडून नाताळचा चषक जिंकून आणायचा. मैदानाला लागून असलेल्या बारमध्ये दारूच्या बाटल्यांवरची एक फळी त्याने त्यासाठी राखून ठेवली होती. चषक कधी आला नाही, पण फळी दर रविवारी पुसली जायची.

चौऱ्याण्णव साली त्याला संघ सापडला. हळुवार गोळा टाकणारा एर्मेस नळकाम करायचा आणि उत्तर इटली वेगळी झालीच पाहिजे म्हणायचा. समोरच्याचा गोळा उडवणारा कोझिमो निवृत्त स्टेशनमास्तर, दक्षिणेकडचा, आणि राष्ट्र म्हटलं की उभा राहणारा. तिसरा ओत्तोरीनो, अँटेना विकणारा, नव्या पक्षाचा. त्याच्या पक्षाने वसंतात उत्तरेत एर्मेसच्या पक्षाशी एका नावाने युती केली आणि दक्षिणेत कोझिमोच्या पक्षाशी दुसऱ्या नावाने. एर्मेस आणि कोझिमोचे पक्ष मात्र आमच्याकडे एकमेकांविरुद्धच लढले. मग तिन्ही पक्ष मिळून रोममध्ये सरकारात बसले.

आमचा संघही तसाच चालायचा. कोझिमो म्हणायचा, "ओत्तोरीनो, त्या नळवाल्याला सांग, हलक्या हाताने टाक."

"एर्मेस, हलक्या हाताने," ओत्तोरीनो सांगायचा.

"त्या शिट्टीवाल्याला सांग, मला कळतं!"

दोघांमध्ये चार पावलांचं अंतर. पण संघ जिंकत अंतिम फेरीत पोचला, आणि बासानो फळीकडे बघून स्वतःशीच हसू लागला.

नाताळ तोंडावर असताना एर्मेसच्या पक्षाने पाठिंबा काढला आणि सरकार गडगडलं. ओत्तोरीनो तरातरा आला, आपले गोळे पिशवीत भरले आणि म्हणाला, "गद्दारांबरोबर मी खेळत नाही!"

"अरे, सरकार तिकडे पडलंय," बासानो म्हणाला, "इथली माती अजून सपाट आहे!"

पण तो गेलाच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सांतो स्तेफानोच्या सणाला, दुखऱ्या गुडघ्याला लोकरी पट्टा बांधून बासानो स्वतःच मैदानात उतरला.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. कामगार मंडळाचा गोळा गोटीला बिलगून बसलेला. कोझिमोचे गोळे संपले होते, बासानोचे वाया गेले होते. एर्मेसच्या हातात शेवटचा एक. कोझिमो पलीकडच्या टोकाला गोटीजवळ वाकून उभा होता. तिथून त्याला मैदानाच्या बाजूच्या भिंतीलगत वाट दिसली.

"बासानो, त्याला सांग, भिंतीच्या कडेने टाक."

बासानो बाकावर बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"बासानो! ऐकतोस का?"

"ऐकतोय. पण मी खेळायला आलोय, टपाल वाटायला नाही. तो बघ, तिथे उभा आहे. त्याला कान आहेत."

कामगार मंडळाच्या कप्तानाने तोंडातली चिरूट काढली.

कोझिमोचा चेहरा लालबुंद झाला. "अरे ए नळवाल्या! भिंतीच्या कडेने टाक!"

एर्मेस दचकला. "वेडा आहेस का? भिंतीला आपटेल!"

"आपटला तर माझ्या घरचं सलामी सॉसेज तुझं! टाक रे बाबा!"

"तुमच्याकडची तिखट सलामी कोण खातं?" एर्मेस पुटपुटला, वाकला, आणि गोळा सोडला. तो भिंतीच्या कडेने कुरकुरत गेला, जणू त्यालाही हा मार्ग मान्य नव्हता. शेवटी आत वळला आणि गोटीला असा टेकला की ती अलगद त्यांच्या गोळ्यापासून सुटून आमच्याच दुसऱ्या गोळ्यापाशी गेली.

फूटपट्टी कामगार मंडळाच्या कप्तानानेच धरली. मोजलं, टोपी काढली आणि चषक बासानोच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी चषकातून वाइन फिरली. ओत्तोरीनोसुद्धा "सहज आलो होतो" म्हणत दारात उभा राहिला, आणि त्यालाही घोट मिळाला. एर्मेस आणि कोझिमो एका टेबलावर बसून तावातावाने भांडत होते, थेट, मधल्या माणसाशिवाय. उत्तर, दक्षिण, रोम, सलामी, काही सुटलं नाही.

"जरा हळू!" ओत्तोरीनो म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस!" दोघे एकदम ओरडले.

बासानोने चषक धुतला, पुसला आणि स्टुलावर चढून फळीवर ठेवला. मग खाली उतरून मान तिरकी केली, पुन्हा वर चढला आणि बोटभर डावीकडे सरकवला.